तेल वर चढेपर्यंत

खोली दाखवून झाल्यावर घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "सकाळी सहाला खाली गाडी स्टार्ट होती. त्या टायमाला बोलायचं न्हाय. जमंल?"

मी म्हणालो, जमेल. तेवढ्यावर खोली मिळाली.

त्याआधी आठवडाभर मी निपाणीत खोली शोधत हिंडत होतो. हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी लागली होती आणि माझं गाव पिरनवाडी, म्हणजे बेळगावच्याही पलीकडे. रोज येऊन-जाऊन करण्यासारखं नव्हतं. प्रत्येक घरी आधी नाव विचारत, मग गाव, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्या कुणाला तरी दिलेली निघे. या गृहस्थांनी आडनाव विचारलंच नाही. पुढे चार महिन्यांनी मी आपणहून सांगितलं, की आम्ही बौद्ध, आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबून म्हातारे झाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पण मास्तर, जिना उतरताना तुमच्या चपला लई वाजत्यात. सकाळचं हातात घेऊन उतरत जावा."

गेल्या महिन्यात ते गेले. मी निपाणी सोडून बेळगावला आलो त्यालाही आता काही वर्षं झाली, त्यामुळे बातमी पत्रानं आली. तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहितो आहे. बसतो ते दुःखानं, आणि दोन ओळी झाल्या की हसू येतं. कागद बाजूला ठेवतो, दुसऱ्या दिवशी परत तेच होतं.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. अंगानं वाळके, उंच, खाली खाकी पँट आणि वर पांढराशुभ्र सदरा. गाडीच्या पोटाखाली शिरतानासुद्धा तोच सदरा. कुणी विचारलं तर म्हणत, "डाग पडला म्हंजे हात चुकला. काळ्या कापडावर चूक कशी दिसंल?" गाडी होती डिझेलची जुनी पिकअप. पुढचं तोंड जीपचं, मागे लाकडी फाळक्यांचा हौदा. त्यातून ते तंबाखूची बोदं न्यायचे, गुळाच्या ढेपा न्यायचे, लग्नसराईत भांडी आणि वाजंत्री न्यायचे. बोरगाव, संकेश्वर, कधी थेट बेळगाव. गाडी स्वतःची, ड्रायव्हर स्वतः, मेकॅनिकही स्वतःच.

सकाळी सहाला ते गाडीत बसत. दार उघडं, एक पाय बाहेर. थंड इंजिन तापवायच्या हीटरचं बटण दाबून धरत, मग सेल्फ मारत. इंजिन धडधडून उठे आणि त्या धडधडीच्या वर एक बारीक टिकटिक सुरू होई. त्याच क्षणी आप्पांचा डावा हात खिडकीबाहेर येई, मूठ मिटलेली. मग एकेक बोट उघडे. एक, दोन, तीन, चार. चौथ्या बोटाला टिकटिक थांबे, नुसती धडधड उरे, आणि हात आत जाई.

त्यांचं म्हणणं असं, की रात्रभर गाडी उभी राहिली की सगळं तेल खाली उतरून बसतं. सकाळी इंजिन जागं होतं ते कोरडंच. तेल खालून वर चढेपर्यंत लोखंडावर लोखंड आपटत असतं. "लोकास्नी वाटतं गाडी मैलावर झिजती," ते म्हणत. "मैलावर न्हाय मास्तर, सकाळच्या चार बोटांत झिजती." उन्हाळ्यात तीन बोटं, थंडीत चार. अंगठा कधी उघडायचा नाही. अंगठा उघडला तर इंजिन खोलायला घ्यायचं.

ही चार बोटं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम. गल्लीला तो पाठ झाला होता. समोरच्या नळावर बायका कळशी तशीच धरून उभ्या राहत. दूधवाली माप हवेत धरून थांबे. कुणी नवखा बोलायला लागला तर आप्पा म्हणत, "सुम्निर्री." कन्नडमध्ये, गप्प बसा म्हणून. घरात दारात मराठी बोलणारा माणूस हा एक शब्द कन्नडमधून का वापरतो, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मराठीत गप्प म्हटलं की लोक 'का?' म्हणून इचारत्यात. कन्नडात सांगटलं की गप्प बसत्यात."

एकदा तंबाखूचा एक मोठा व्यापारी त्यांच्याशेजारी पुढच्या सीटवर बसला होता. बोरगावला माल बघायला जायचं होतं, घाई होती. सेल्फ मारल्या मारल्या तो तंबाखूच्या भावाबद्दल बोलायला लागला. आप्पांनी सुम्निर्री म्हटलं, तो थांबला नाही. आप्पांनी वायर ओढून इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि कट्ट्यावर जाऊन बसले.

"काय झालं वो आप्पा?"

"काय न्हाय. तेल परत खाली उतरू दे. अर्धा तास लागंल."

व्यापारी हसला, मग चिडला, मग घड्याळ बघू लागला. आप्पांनी आक्कांकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, दोन कप चहा मागवला आणि एक त्याला दिला. अर्ध्या तासानं परत सेल्फ मारला तेव्हा तो माणूस श्वाससुद्धा जपून घेत होता. पुढे तो आप्पांशिवाय दुसऱ्या कुणाची गाडी सांगत नसे. म्हणायचा, "चार बोटं गप्प बसायची सवय लागली, घरात भांडणं कमी झाली."

मी मुळातच कमी बोलणारा. त्यामुळे आप्पांचा माझ्यावर जीव बसला. "मास्तरासारखा पॅशिंजर न्हाय," असं ते कुणालाही सांगत. त्यांच्यामुळे मलाही एक खोड लागली. वर्गात गेलो की मी लगेच शिकवायला सुरुवात करत नसे. टेबलापाशी उभा राहून मनात चार मोजायचो. मुलं आपोआप गप्प होत. ही खोड अजून आहे.

तेलाच्या बाबतीत ते फार कडक. दोन प्रकारचं तेल घरात असे, तीस नंबर आणि चाळीस नंबर. तीस पातळ, ते थंडीत. चाळीस घट्ट, ते उन्हाळ्यात. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला माणसांना उटणं आणि गाडीला तीस नंबर. शिमग्याला होळी पेटायच्या आत तीस काढून चाळीस. आधी कॅन उघडायचा, बोटाला तेल लावायचं, अंगठ्यानं चोळायचं, वास घ्यायचा. मग एक थेंब कागदावर टाकून तो किती पसरतो ते बघायचं. यासाठी ते लग्नपत्रिका जमवत. जाड, मऊ कागदाची पत्रिका आली की त्यांना त्या घराबद्दल आदर वाटे. "कागद बगा, किती सरळ पितोय," म्हणत आणि मागच्या बाजूला तेलाचा थेंब टाकत. आक्का कपाळाला हात लावत. "माझ्या केसाचं तेल संपून आठ दिस झालं, ते आणायचं ध्यानात न्हाय. गाडीला मातर सणाला नवं."

यातलं काहीच कुणाला त्रासदायक नव्हतं. पण याच्यापायी त्यांच्या मुलीचं लग्न दोनदा मोडलं होतं.

सुमन ही त्यांची एकुलती मुलगी. मॅट्रिक झालेली, हुशार, माझ्याकडून पुस्तकं नेऊन वाचणारी. पहिलं स्थळ संकेश्वरचं. मुलगा कारकून, मोटारसायकलवरून आला होता. बघणं झालं, सगळ्यांना पसंत पडला. निघताना त्यानं किक मारली आणि गाडी थंड असतानाच तीन-चार वेळा जोरात रेस केली. आप्पा दारातून आत आले आणि म्हणाले, "न्हाय."

"आवं पण का?" आक्का म्हणाल्या.

"उठल्या उठल्या कान पिळला त्यानं. उद्या पोरीचं काय करंल?"

दुसरा मोटारीतून आला. त्यानं सेल्फ मारला आणि टिकटिक थांबायच्या आत गिअर टाकून निघूनही गेला. आप्पांनी खिडकीतूनच मान हलवली. त्या दिवशी आक्का खरोखर रागावल्या. "माझं लगीन केलासा तवा माझ्या बापानं तुमच्या बैलगाडीचं वंगण बगितलतं का?"

"बगायला पायजे हुतं," आप्पा म्हणाले. "लई करकरत हुती."

मग काही दिवसांनी सुमन बेळगावजवळ मच्छ्याला आत्याकडे राहून टायपिंग शिकून आली. आल्यावर एका संध्याकाळी पुस्तक परत करायला वर आली आणि जिन्यातच उभी राहिली.

"मास्तर, मच्छ्यातनं एक स्थळ येतंय. आत्याच्या शेजारचं. कारखान्यात लेथवर हाय. वसंता नाव."

"बरं."

"मला त्योच पायजे." ती पुस्तकाकडे बघत बोलत होती. "या खेपंला आप्पा न्हाय म्हणालं तर मी परत कुणाम्होरं पोह्यांचा ट्रे घेऊन जाणार न्हाय. जन्मभर. आत्याकडं जाऊन नोकरी करीन."

"त्याच्याकडे गाडी आहे?"

"मोटारसायकल हाय. पण मी सांगटलंय, बसनं ये म्हणून."

तिचं सगळं आयुष्य बापाच्या कानावर टांगलेलं होतं, आणि तिनं बापाला ऐकायलाच काही ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. मला हसू आलं. तिला आलं नाही.

इथं मधेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढे मला आप्पांची बोटं मोजता कशी आली ते कळणार नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आप्पांना टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणावर. गाडी रोज एकदा सुरू करायला हवी, आणि तो मान माझ्याकडे आला. कसं करायचं ते त्यांनी पडल्या पडल्या शिकवलं. सुरू झाल्यावर कसा आवाज आला, किती बोटं लागली, ते वहीत लिहून त्यांना वाचून दाखवायचं.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, "इंजिन आवाज करीत सुरू झाले."

"आवाज करीत," आप्पा म्हणाले. "मग काय पेटी वाजवत सुरू हुणार हुतं?"

दुसऱ्या दिवशी मी विचार करून लिहिलं, "सुरुवातीला खडखड, नंतर शांत."

वाचून दाखवताच ते ताडकन उठून बसले. "खडखड? आक्के, माझी चप्पल दे." अंगात ताप, खांद्यावर घोंगडी, भिंतीला धरत धरत ते खाली आले. मला परत सेल्फ मारायला लावला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि लाकडी मूठ कानाला लावून त्यांनी ऐकलं. मग तिथंच कट्ट्यावर बसले.

"मास्तर, ही टिकटिक हाय. ही वरच्या टॅपेटची. रोजचीच. खडखड म्हंजे बेअरिंग गेलं. तुमच्या एका शब्दानं मी मेलो असतो. तुमास्नी मराठीचं मास्तर कुणी केलं?"

त्या तीन आठवड्यांत मी मराठी नव्यानं शिकलो. टिकटिक टॅपेटची, टकटक डिझेलची, खुळखुळ चेनची, किरकिर पट्ट्याची, ढणढण खालच्या रबराची. एकाच्या जागी दुसरा शब्द चालत नसे. मी शाळेतून शब्दकोश आणून दाखवला. त्यात खडखड, खुळखुळ, दोन्हीपुढे 'एक प्रकारचा आवाज' असं काहीसं लिहिलेलं होतं. आप्पांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "पुस्तक लिवणाऱ्याकडं गाडी नसंल." आणि मोजणं. त्यांचं एक बोट म्हणजे किती वेळ, हे मला इतकं घोटून घेतलं, की घड्याळ नसलं तरी चालेल.

तर वसंता आला. आई आणि चुलते यांच्याबरोबर, बसनं. मंडळी आत बसली. आप्पांनी रस्त्यावर डावीकडे उजवीकडे बघितलं. गाडी नाही. त्यांची फार अडचण झाली. पोहे आले, सुमन आली, नाव-शिक्षण विचारून झालं. आप्पा नुसते मांडी हलवत होते. शेवटी म्हणाले, "मोटारसायकल हाय म्हणं तुमची. तेल कुठलं घालता?"

सुमननं माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे बघितलं. पोरानं 'तीस नंबर' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते तिनं त्याला पढवलंही होतं, हे मला पुढे कळलं.

वसंता म्हणाला, "मोटारसायकलचं सोडा आप्पा, तुमच्या पिकअपचं सांगू का? तुमी दिवाळीला तीस आनी शिमग्याला चाळीस घालता म्हणून ऐकलंय. आता त्याची गरज न्हाय ओ. बारा महिने चालणारं एकच तेल आलंय. थंडीत पातळ, उन्हात घट्ट. आमच्या कारखान्याच्या गाड्यांना तेच घालतोय."

आक्कांचा चहा ओतता हात थांबला. पोराच्या चुलत्यांनी खोकून बघितलं.

"म्हंजे तुमच्या तेलाला दिवाळी आनी शिमगा एकच?" आप्पा म्हणाले.

"तेलाला कळतंय की आप्पा थंडी हाय का ऊन हाय ते. आपण कशाला सांगायचं?"

"माझ्या आक्कीला चाळीस वर्षं सांगतोय, चहात साखर कमी. तिला कळंना. तेलाला कळतंय?"

"आता तुमी मोजून बगा. मी घालून देतो."

असं आप्पांशी कुणी बोलत नसे. त्यांची हलणारी मांडी थांबली. मग म्हणाले, "येत्या शनवारी या. तुमीच जुनं काढा, तुमीच नवं घाला, फिल्टर बी नवा बसवा. मी हात लावणार न्हाय. आयतवारी सकाळी मी बोटं मोजतो. चारात बसलं तर म्होरचं बोलू."

चारात बसलं नाही तर काय, ते बोलायची गरज नव्हती. सुमन आत निघून गेली.

शनिवारी वसंता तेलाचा डबा घेऊन आला. कडाक्याची थंडी होती. आप्पा कट्ट्यावर गाडीकडे पाठ करून बसले. दुसऱ्याचं काम बघितलं की आपला हात शिवशिवतो, असं त्यांचं म्हणणं. नरसाळं धरायला मी. जुनं तेल निघालं, नवा फिल्टर आला, तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली आणि जरा जास्तच वेळ उभी राहिली. फिल्टरची वाटी बसवताना वसंताचा पाना दोनदा निसटून पडला. मग त्यानं वरून तेल ओतलं, पट्टी काढून पातळी बघितली, हात पुसले. "झालं आप्पा," म्हणाला. आप्पांनी मागं वळून न बघताच मान हलवली. त्या रात्री तो गावातच कुणा दोस्ताकडे राहिला.

रविवारी सहा वाजता गल्लीत जितकी माणसं होती तितकी मी त्याआधी कधी बघितली नव्हती. नळावर पाणी नव्हतं तरी कळशा होत्या. वसंता बॉनेटपाशी उभा होता. सुमन आत चुलीपाशी दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती. मी वही घेऊन जिन्याच्या पायरीवर.

आप्पांनी हीटर दाबला, सेल्फ मारला. इंजिन उठलं. टिकटिक सुरू झाली. डावा हात बाहेर आला.

मी मनात मोजू लागलो. एक. आप्पांचं पहिलं बोट उघडलं. दोन. दुसरं बोट उघडलं नाही. तीन. पहिलंच बोट तसंच ताठ उभं. मला वाटलं, माझं चुकलं. चार म्हटलं तेव्हा त्यांचं दुसरं बोट सावकाश उठलं. टिकटिक तशीच चालू होती, उलट जरा मोठीच झाली होती. वसंताला काहीतरी आठवलं असावं, कारण त्यानं एकदम बॉनेटखाली वाकून फिल्टरच्या जागेकडे बघितलं. मी सहा म्हटलं, सात म्हटलं. तिसरं बोट. नळावरच्या बायका रोज हे बघणाऱ्या, त्यांनाही कळलं. दूधवालीनं माझ्याकडे बघितलं. आठ. नऊ. मग चौथं बोट उठायला लागलं, इतकं सावकाश, की म्हाताऱ्या माणसाला सांधेदुखी असावी. मी दहा म्हणता म्हणता टिकटिक थांबली. चौथं बोट तेव्हा पुरतं उभं राहिलं होतं. अंगठा आतच होता.

कुणी बोललं नाही. त्या गल्लीला इतक्या वर्षांत गप्प बसायची जी सवय लागली होती, तिचा खरा उपयोग मी त्या दिवशी बघितला.

"मास्तर," आप्पा गाडीतून म्हणाले, "लिवा. चार."

मी लिहिलं. चार.

वसंता पुढे आला. "आप्पा, ऐका जरा, माझ्याकडनं..."

"जावईबापू," आप्पा म्हणाले, "गाडी गरम होऊस्तवर बोलत न्हाईत."

दुपारी सगळी पांगल्यावर मी त्यांना विचारलं. म्हणालो, "आप्पा, मी नऊ-दहा मोजले."

"अकरा," ते म्हणाले. "तुमचं मोजणं अजून जरा कच्चं हाय."

"मग?"

"तेलाचा दोष न्हाय त्यात. नवा फिल्टर बसवताना वाटीत आदी तेल भरायचं असतंय. त्यानं कोरडीच बसवली. ती वाटी भरंपर्यंत तेल वर कसं जाईल? पयल्या खेपंलाच असं हुतंय. उद्या बगा, तीनात गप्प हुईल." त्यांनी पानाला चुना लावला. "तिकडं चहा घिऊन पोरगी उभी, इकडं ह्यो वाटी बसवणार. मला पाठ करून बी ऐकू येत हुतं, पाना किती बार पडला ते."

"मग तसं सगळ्यांसमोर सांगायचं. त्याचा दोष नाही, फक्त विसरला."

"आनी पोर जन्मभर माझ्या म्होरं बॉनेट उघडायला भियाचं." पान तोंडात टाकून ते म्हणाले, "मागचं दोघं मला सारकं व्हय व्हय म्हणत हुते आनी गाडीचा कान पिळत हुते. ह्यो मला तोंडावर न्हाय म्हणाला आनी गाडीला हात लावताना कापत हुता. आक्कीला बगायला मालकाचा ट्रक घिऊन गेलतो, तवा मी तर ऑइलचं झाकणच लावायचं इसरलो. सासऱ्याच्या दारात सगळं तेल बाहेर. माझा सासरा काय बोलला न्हाय. फडकं दिलं."

दुसऱ्या दिवशी सहाला मी मुद्दाम वही घेऊन खाली गेलो. टिकटिक तीनाला थांबली. आप्पांनी माझ्याकडे बघून बोटं नाचवली.

पण ते हरले असं मात्र कुणी समजू नये. शिमगा आला तसं त्यांनी ते बारमाही तेल काढून टाकलं आणि चाळीस नंबर घातलं. वसंताच्या समोरच. तो काही म्हणायच्या आत म्हणाले, "पावण्याचं तेल पावणचारापुरतं."

लग्न वैशाखात झालं. वऱ्हाडाची भांडी, वाजंत्री, आत्याबाई, सगळं पिकअपमधूनच आलं. वाजंत्रीवाले तीन बोटं होईपर्यंत सनई मांडीवर धरून गप्प बसले होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. नवरा-नवरी पाया पडायला आप्पांच्या समोर वाकली. आप्पांनी सुमनच्या डोक्यावर हात ठेवला, तो तसाच बराच वेळ राहिला. मग वसंताला खांद्याला धरून उठवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. सांगणं लांबलं. भोवतीच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वसंता कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"काय म्हणालं?" सुमननं विचारलं.

वसंतानं इकडेतिकडे बघितलं. मी जवळच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. "फिल्टरची वाटी भरून बसवत जावा म्हणालं," तो म्हणाला. "आनी त्या दिवशी अकरा झालतं म्हणं."

सुमन त्या सकाळी कानांत बोटं घालून बसलेली, तिला चार एवढंच ठाऊक. मग तिला कळलं. ती वळली आणि आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली. तिचे खांदे जोरजोरात हलत होते. ते बघून आक्का पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

"ऱ्हाऊ दे तांब्या," आप्पा म्हणाले. "हसालीया ती."